अपंगत्व पेन्शनच्या कागदावर न येणारे दुखणे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनच्या बातम्या आपण अधूनमधून छापता. ट्रिब्युनलने (सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाने) जवानाच्या बाजूने निकाल दिला, सरकार वरच्या कोर्टात गेले, वरच्या कोर्टाने सरकारचे कान उपटले, असा साधारण मजकूर असतो. त्यात पाय गेलेला जवान असतो, ऐकू न येणारा असतो, हृदयविकाराचा असतो. ज्याची लैंगिक ताठरता गेली आहे, त्यापायी ज्याच्या संसारातले नवरा-बायकोपण संपले आहे, असा जवान त्या बातम्यांत मी आजवर वाचलेला नाही. प्रत्यक्षात मात्र तो मला वरचेवर भेटतो, म्हणून हे पत्र.

मी पायदळाच्या पलटणीत क्लार्क होतो, सुभेदार होऊन निवृत्त झालो. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहतो. भांडुपचे, घाटकोपरचे, थेट कळव्याचेही जवान पेन्शनचे कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना अपिलाचा अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही. बहुतेक जण सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातले. पलटण सुटली की मुंबईत बँकेच्या दारावर किंवा एखाद्या सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तास उभे राहतात. माझ्याकडे येतात ते डायबेटिस, ब्लडप्रेशर, मणका, गुडघा यांची पेन्शन नाकारली म्हणून. सगळे बोलून होते, चहा होतो, आणि दारात चपला घालता घालता एखादा हळूच विचारतो, "साहेब, ते दुसरं पण यात बसतं का?" दुसरे म्हणजे काय, ते मला वेगळे विचारावे लागत नाही.

भांडुपच्या एका हवालदाराचे सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि पलटण लिहीत नाही. काश्मीरमध्ये फील्ड पोस्टिंगवर असताना त्याला डायबेटिस निघाला. पुढे ब्लडप्रेशर आले, गोळ्या सुरू झाल्या. लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे आजारी म्हणून खालच्या वर्गात, उरलेली नोकरी संपवून तो घरी आला. सुटण्याआधी रिलीज मेडिकल बोर्ड (लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी) झाला. बोर्डाने दोन्ही आजारांपुढे 'सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही' असे लिहिले, म्हणजे पेन्शन नाही. कारणाच्या रकान्यात जेमतेम अर्धी ओळ. त्याचा अर्ज तयार करताना मी विचारले, आणखी काही त्रास? तो म्हणाला, काही नाही साहेब. शेजारी त्याची बायको बसली होती. ती म्हणाली, "हे नाही सांगायचे, मी सांगते. कुपवाड्याहून सुट्टीवर आले तेव्हापासून हे पोटमाळ्यावर झोपतात. माझ्यातच काही कमी आहे असं समजून सहा वर्षं मी रडून काढली. शुगरनं असं होतं, हे मला आमच्या चाळीतल्या नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं." हवालदार खाली मान घालून फायलीची नाडी बांधत होता आणि सोडत होता.

तिने सांगितले ते सगळे मी उतरवून घेतले, पण अपिलात त्याचा उपयोग करता आला नाही. बोर्डाच्या फॉर्मवर त्याचा उल्लेख नाही, युनिटच्या एमआय रूमच्या (दवाखान्याच्या) नोंदीत नाही, मिलिटरी हॉस्पिटलच्या एकाही कागदावर नाही. कागदावर जे नाही, त्यावर अपील कशाचे करणार? डायबेटिसचे प्रकरण पहिल्या अपिलात पडले, दुसऱ्या अपिलात पडले, ट्रिब्युनलमध्ये उभे राहिले आणि तो जिंकला. त्याला पेन्शन लागली, थकबाकी मिळाली. ज्या दुखण्याने त्याचे घर आतून पोखरले, त्याचा त्या निकालात एक शब्द नाही.

हे दुखणे म्हणजे पुरुषाच्या मनाचा कच्चेपणा नव्हे, वयाचा अटळ भागही नव्हे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि ताठरता त्या दोन्हींवरच अवलंबून असते. ब्लडप्रेशरनेही रक्तवाहिन्या कडक होतात, शिवाय ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी हाच त्रास वाढतो. नैराश्यावरच्या कित्येक औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मणक्याला खालच्या बाजूला मार लागला, कमरेचा सांगाडा मोडला, सुरुंगाच्या स्फोटात मांड्यांच्या मध्ये जखमा झाल्या, तर तरुण माणसालाही हे होते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी तुंबतात, आणि म्हणून कित्येकदा हृदयविकाराची पहिली खूण हीच असते. जवान लाजेने गप्प बसतो तेव्हा तो नुसती पेन्शन घालवत नाही.

गप्प बसलेला माणूस शेवटी कुठे जातो तेही मी पाहिले आहे. लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी' असे छापलेले स्टिकर लावलेले असतात. त्यावरच्या पत्त्यावर जाऊन, भस्म नि चूर्ण यांच्यावर पेन्शनीतले पैसे घालवलेले जवान माझ्या ओळखीचे आहेत. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये ज्याचा हक्काने इलाज होऊ शकतो, तो माणूस एका खोलीतल्या भोंदूपुढे बसतो, कारण तिथे त्याला कोणी ओळखत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या बाबतीत या दुखण्याचे काय होते, ते गेले काही महिने मुलाच्या मदतीने मी वाचतो आहे. तिथे माजी सैनिकांच्या अपिलांचे एक स्वतंत्र मंडळ आहे आणि त्याचे निकाल नाव-पत्ता काढून सर्वांना वाचायला खुले असतात. ताठरता गेल्याचे दावे त्यात ढिगाने आहेत. आपला जवान दारात चपला घालताना जे पुटपुटतो, ते तिथे न्यायाधीश परिच्छेदामागून परिच्छेद तपासून लिहितो. मला पहिल्यांदा वाचताना याचेच नवल वाटले.

अपंगत्वाच्या टक्क्यांवर पेन्शन ठरते, आणि तिथल्या अपंगत्वाच्या तक्त्यात या दुखण्याला टक्के शून्य आहेत. हे वाचून मला राग आला होता. मग पुढचे कळले. टक्के शून्य असले, तरी प्रजननाच्या अवयवाचा उपयोग गेला म्हणून कायद्याने एक वेगळी ठरावीक रक्कम दरमहा मिळते, बाकीच्या पेन्शनशिवाय. २०२५ च्या दराने ती सुमारे १३६ डॉलर होती. रक्कम मोठी नाही. पण माणसाचे काहीतरी गेले आहे आणि ते देशाच्या नोकरीपायी गेले आहे, हे सरकार दर महिन्याला मान्य करते. पूर्वी तिथे अवयवाची विकृती आणि ताठरता गेलेली, अशी दोन्ही असतील तर २० टक्के मिळत. बाहेरून काही दिसत नाही म्हणून त्यावर बरेच वाद होत. २०१८ साली त्यांच्या न्यायालयाने सांगितले की आतली विकृतीही धरायला हवी. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ पासून तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने तक्ताच बदलला. आता विकृती असो वा नसो, टक्के शून्यच. हा बदल मला पटलेला नाही. न्यायालयाने दार थोडे उघडल्यावर नियम बदलून ते लावून घेण्याची रीत आपल्याकडेही आहे आणि ती कुठेही वाईटच.

तिथली अपिले कशावर जिंकली-हरली जातात, हे आपल्या जवानांनी आणि त्याहून आपल्या मेडिकल बोर्डांनी समजून घेण्यासारखे आहे. हे दुखणे बहुतेक वेळा दुसऱ्या आजाराच्या मागून आलेले असते, त्यामुळे पहिला आजार सेवेमुळे मानला गेला की याचा रस्ता मोकळा होतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने एजंट ऑरेंज नावाचे तणनाशक फवारले होते. त्याच्या संपर्कात आलेल्या सैनिकाचा टाइप-२ डायबेटिस २००१ पासून सेवेमुळेच आला असे गृहीत धरतात, आणि २०२२ च्या कायद्याने त्यात ब्लडप्रेशरही आले. मग सैनिकाने एवढेच दाखवायचे की डायबेटिस आधी आला, ताठरता नंतर गेली, आणि डॉक्टर म्हणतो की दोन्हींचा संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे. निम्मी पुरे होते. दोन्ही बाजूंचा पुरावा सारख्याच वजनाचा असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, असे तिथल्या कायद्यातच लिहिले आहे.

हरतात ते बहुधा तारखांवर हरतात. दुखणे पहिल्या आजाराच्या आधीपासूनचे असल्याचे जुन्या कागदांत निघते. किंवा डॉक्टरने दुसरे कारण सविस्तर मांडलेले असते आणि त्याला खोडणारे सैनिकाकडे स्वतःच्या म्हणण्याखेरीज काही नसते. कित्येकदा दावा मंजूर झालेला असतो आणि भांडण फक्त कोणत्या तारखेपासून पैसे द्यायचे याचे असते. ते सहसा अर्जाच्या तारखेपासूनच मिळतात, म्हणजे जितकी वर्षे लाजेत गेली तितकी वर्षे वाया.

जिंकणे आणि हरणे यांच्याखेरीज तिथे तिसरा निकाल असतो, प्रकरण परत पाठवण्याचा, आणि मला सर्वांत जास्त शिकवले ते या निकालांनी. डॉक्टरने लिहिलेले असते की डायबेटिसमुळे हे झाले नाही. मंडळ म्हणते, ठीक आहे, त्यामुळे झाले नसेल, पण त्यामुळे वाढले का? त्याचे उत्तर तुम्ही दिलेलेच नाही. झाले का आणि वाढले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर आले असे समजता येत नाही, हे त्यांच्या न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. नुसते मत दिले आणि कारण दिले नाही, तरीही प्रकरण परत जाते, डॉक्टरला पुन्हा बसून लिहावे लागते.

आणखी एक. सैनिकाच्या बायकोने लिहून दिलेला जबाब तिथे पुरावा म्हणून वाचला जातो. दुखण्याचे वैद्यकीय कारण ती सांगू शकत नाही, पण ते कधी सुरू झाले, आधी काय होते, नंतर काय झाले, हे तिच्याइतके कोणाला माहीत असणार? भांडुपच्या त्या बाईचे बोलणे माझ्या वहीत आहे. ते ऐकून घेणारी जागा आपल्या व्यवस्थेत नाही.

आता आपल्याकडचे. आपला कायदा कंजूष आहे असे मी म्हणणार नाही. १९८२ च्या नियमांतच लिहिले होते की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर आलेला आजार सेवेतला धरायचा आणि सिद्ध करण्याचे ओझे जवानावर टाकायचे नाही. सिग्नल कोअरमधल्या धर्मवीर सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हेच ठणकावून सांगितले. त्यांना फिट्स येतात म्हणून घरी पाठवले होते आणि बोर्डाने कारण दिले नव्हते. कारण न देता केलेला शेरा जवानाच्या विरुद्ध वापरता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात न्यायालयाने अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी पेन्शनसाठी ५० टक्के धरण्याची सवलत, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंग जवानांनाही लागू केली. लष्करी डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका होती तिच्यातही, फील्डमध्ये किंवा उंचावरच्या भागात असताना डायबेटिस सुरू झाला तर तो सेवेमुळे वाढलेला मानावा, अशी सूचना होती. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू झाले, त्यांची चर्चा वेगळ्या पत्राची आहे.

तरीही भांडुपच्या हवालदाराला ट्रिब्युनलपर्यंत जावे लागलेच, कारण बोर्डाचा शेरा तोच जुना छापाचा आणि अपिलांची उत्तरेही त्याच छापाची. पहिले अपील सहा महिन्यांत, मग दुसरे, मग ट्रिब्युनल. मुंबईच्या खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा इथली प्रकरणे येतात. जवान तिथे जिंकला तरी सरकार पुढे जाऊ शकते, आणि मार्च २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उच्च न्यायालयाचा रस्ताही पुन्हा खुला झाला आहे. तो दोघांनाही खुला आहे हे मान्य, पण सरकारला वकिलाची फी खिशातून द्यावी लागत नाही. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी २०१५ साली तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. जवानांविरुद्धची सरकारी अपिले कमी करा, अपंगत्व पेन्शनच्या मिटलेल्या प्रश्नांवर कोर्टात जाऊ नका, असा तिचा एकंदर सल्ला होता. इतक्या वर्षांनंतरही माझ्याकडे येणाऱ्या फायलींची जाडी कमी झालेली नाही.

हे झाले ज्यांचा आजार निदान कागदावर आहे त्यांचे. ताठरतेचे दुखणे बोर्डापुढे येतच नाही, आणि त्याला मी जवानाला दोष देत नाही. माझ्या नोकरीत मी बोर्डाला जाणारे पुष्कळ जवान पाहिले. फॉर्मवर सही घ्यायची घाई, बाहेर रांग, दार अर्धे उघडे, आत दुसऱ्या पलटणीचा माणूस शर्ट काढून उभा. पंधरा-वीस वर्षे ज्याने 'सब ठीक है साहब' म्हणायची सवय केली, तो अशा खोलीत हे सांगेल? डॉक्टरही विचारत नाहीत. विचारले पाहिजे असे त्यांना कोणी लेखी सांगितलेले मी तरी कधी पाहिले नाही.

दुसरे एक प्रकरण सांगतो, तेही ओळख न देता. एक ड्रायव्हर, ईशान्येकडच्या डोंगरात ड्यूटीवर असताना गाडी दरीत गेली. कमरेचा सांगाडा मोडला, मूत्रमार्गाला इजा झाली. कोर्ट ऑफ एन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली, इंज्युरी रिपोर्टवर 'ड्यूटीवर असताना' असा स्पष्ट शेरा. म्हणजे सेवेमुळे की नाही हा वादच नव्हता. पण पुढे बोर्डाने टक्के ठरवले ते हाड जुळल्याचे आणि थोडे लंगडण्याचे. त्या अपघातात त्याची ताठरता गेली, त्याची ओळ नाही. तेव्हा तो तिशीच्या आत होता आणि अविवाहित होता. पुढे घरच्यांनी लग्न लावून दिले आणि ते वर्षभरात मोडले. बायकोच्या वकिलाने जी नोटीस पाठवली, तिच्यात त्याचे दुखणे पहिल्यांदा कुणीतरी लेखी मांडले. तो माझ्याकडे आला तेव्हा हे दुखणे सांगणारा तो एकच कागद त्याच्या फायलीत होता. मी तो वाचला आणि बराच वेळ मला पुढचे लिहिणे सुचेना.

हिंदू विवाह कायद्याच्या १२व्या कलमात हे दुखणे लग्न रद्द करायला पुरेसे कारण आहे. म्हणजे या देशाचा कायदा त्याला इतके गंभीर मानतो की त्यावरून संसार मोडता येतो. मग ज्या माणसाला ते देशाच्या गाडीवर देशाच्या कामात झाले, त्याच्या नुकसानभरपाईच्या कागदावर त्याला एक ओळ का नसावी? या ड्रायव्हरच्या अर्जावर ट्रिब्युनलने फेरतपासणीचा बोर्ड बसवायला सांगितले आहे. या खेपेला युरॉलॉजिस्टचा अहवाल सगळ्यात वर लावून दिला आहे.

माझे मागणे फार नाही. रिलीज मेडिकल बोर्डात डायबेटिस, ब्लडप्रेशर, मणक्याची किंवा कमरेची इजा, मानसिक आजार यांपैकी काही असलेल्या प्रत्येक जवानाला या दुखण्याबद्दल एकांतात, दार लावून, डॉक्टरने स्वतःहून विचारावे आणि जे उत्तर येईल ते फॉर्मवर लिहावे. जवान 'नाही' म्हणाला तर तेही लिहावे. मूळ आजारामुळे ते झाले का आणि वाढले का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आणि कारणासकट द्यावीत. पत्नीला काही लिहून द्यायचे असेल तर बंद पाकिटात ते फायलीला जोडण्याची सोय असावी. अपिलात 'बोर्डाशी सहमत' एवढ्यावर कोणाला परत पाठवू नये. याला नवा कायदा लागत नाही, संरक्षण मंत्रालयाचे एक पत्रक पुरते.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. आपल्याकडे सेवा पुरी करून निवृत्त होणाऱ्याला पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळायला निदान २० टक्के अपंगत्व लागते. हे दुखणे एकटे घेऊन गेलेल्या जवानाच्या हाती काही लागेल की नाही याची मला खात्री देता येत नाही. म्हणून अमेरिकेसारखी टक्क्यांच्या बाहेरची, लहान का होईना, ठरलेली रक्कम आपल्याकडेही असावी असे माझे मत आहे. त्यांचे सगळे उचलून आणा असे मी म्हणत नाही. ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांचा बोर्ड जवळ आला आहे त्यांना माझे सांगणे आहे. बोर्डाच्या आधी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जा, तिथल्या डॉक्टरला हे सांगा आणि पर्चीवर तारखेसह लिहून घ्या. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधीपासून, हे घरी एका कागदावर लिहा. सुटून आलेल्यांनी ईसीएचएसमधून युरॉलॉजिस्टकडे रेफर करून घ्या. उशीर झाला असला तरी अर्ज करा, मात्र हे लक्षात ठेवा की उशिरा कोर्टात गेलेल्याला मागची थकबाकी अनेकदा तीनच वर्षांची मिळते, तसे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तर्सेम सिंह यांच्या प्रकरणात ठरवून दिले आहे. आणि कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून ताठरतेची गोळी आणून खाऊ नका. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ती दुसरी गोळी जीवावर बेतते.

पत्र छापणार असाल तर माझे नाव छापू नये ही विनंती. कन्नमवारनगरात माझ्याकडे कोण कोण येते हे बिल्डिंगीत सगळ्यांना दिसते. नाव आले तर उद्यापासून जिना चढणाऱ्या प्रत्येक जवानाकडे लोक त्याच नजरेने बघतील, आणि मग डायबेटिसची फाइल घेऊनही कोणी यायचा नाही.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
कन्नमवारनगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई